चूल तुमची, धूर आमचा

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी एक आदेशपत्र काढले. परदेशी सरकारे कर, दंड आणि नियम लादून आमच्या तंत्रज्ञान कंपन्यांना लुबाडतात, यापुढे त्याला आयातशुल्काने उत्तर देऊ, असा त्याचा मथितार्थ. मला, खरे सांगतो, हसू आले. कारण हेच गाऱ्हाणे एकेकाळी ब्रिटन अमेरिकेविरुद्ध मांडत होता.

सुरुवात १९४५ ची. अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी ठरवले की, परदेशी कंपन्यांनी परदेशात केलेल्या करारालाही अमेरिकेचा मक्तेदारीविरोधी कायदा लागू होऊ शकतो. अट एवढीच, की अमेरिकी बाजारावर परिणाम करण्याचा हेतू हवा आणि तसा परिणामही झालेला हवा. म्हणजे चूल तुमची, पण धूर आमच्या घरात आला तर दंड आम्ही करणार!

१९७० च्या दशकात युरेनियमचे भाव कडाडले. वीजकंपन्यांना ठरल्या भावाने युरेनियम पुरवायचे कबूल करून बसलेली वेस्टिंगहाउस अडचणीत आली. तिने १९७६ साली देशोदेशीच्या उत्पादकांवर संगनमताचा दावा लावला. त्यात रिओ टिंटो झिंक ही ब्रिटिश कंपनी होती. अमेरिकी कायद्याने भरपाई तिप्पट! ब्रिटन चिडला आणि १९८० साली त्याने कायदाच केला. परदेशी हुकूम पाळू नका, कागदपत्रे देऊ नका, असे मंत्री आपल्या कंपन्यांना बजावू शकत होता. तिप्पट भरपाई भरावी लागली, तर खऱ्या नुकसानीपेक्षा जास्तीची रक्कम उलट दावा करून परत मागता येत होती. (युरेनियमवाल्यांची टोळी खरीच होती, बरे का. ढालीमागचा माणूस धुतल्या तांदळासारखा असतोच असे नाही.)

तर मंडळी, आज बाजू उलटल्या आहेत. ब्रिटनची ढाल त्याच्या कोर्टापुरती होती. अमेरिकेची ढाल समोरच्याच्या निर्यातीवर आपटते, हा मोठा फरक. कॅनडाच्या ३ टक्के डिजिटल कराचा पहिला हप्ता ३० जून २०२५ ला भरायचा होता. २७ ला ट्रम्प यांनी व्यापाराची बोलणी थांबवली, २९ ला कॅनडाने करच मागे घेतला. आपणही २०१६ पासूनचा ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्के आकार, ज्याला लोक 'गूगल टॅक्स' म्हणत, तो १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला.

युरोप मात्र लगेच नमला नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्याने ॲपलला ५० कोटी युरो दंड केला. बाहेर स्वस्तात काय मिळते ते ॲपवाल्यांनी गिऱ्हाइकाला सांगायचे नाही, हा ॲपलचा खाक्या त्याला खटकला. व्हाइट हाउसने याला खंडणी म्हटले. आणि त्यानंतर आठवड्याभरात, ३० एप्रिलला, कॅलिफोर्नियातल्या अमेरिकी न्यायाधीशांनी याच खाक्याबद्दलचा आपला आदेश मोडल्याचा ठपका ॲपलवर ठेवला.