तान्ह्याचे दुखणे कोणी ओळखावे?

आमच्या एका सोबत्याचे नऊ दिवसांचे मूल काही वर्षांपूर्वी गेले. रक्त तपासायला दिले होते. अहवाल तिसऱ्या दिवशी आला, तो घ्यायला बापाऐवजी आम्ही गेलो. कागदावर जंतूचे नाव स्वच्छ छापलेले होते! तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून जात नाही. म्हणून डॉक्टर नसताही तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

रक्तात जंतू शिरले की मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो. तान्ह्याचे तसे नाही. पुष्कळदा ते उलट गारच पडते. रक्त घेऊन त्यातले जंतू वाढवून पाहणे ही पक्की कसोटी खरी, पण तिला एकदोन दिवस लागतात. शिवाय एवढ्याशा जिवाचे रक्त घ्यावे तरी किती? ते थोडे पडले की आजार असूनही जंतू दिसत नाहीत.

मग जिथे प्रयोगशाळाच नाही तिथे काय करावे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत याचे उत्तर शोधले. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई घरी जाऊन बाळ पाही. रडणे क्षीण झाले काय, दूध ओढणे सुटले काय, बाळ सुस्त पडले काय, अंग गार वा गरम लागते काय, बेंबीत पू आहे काय, पोट फुगले काय, श्वासागणिक छाती आत ओढली जाते काय? यांतली दोन लक्षणे एकदम दिसली की रोग धरावयाचा. रुग्णालयात नेण्यास आईबाप तयार नसले, तर जेंटामायसिनची सुई तीच बाई टोचीत असे. डॉक्टरची सुई बाईच्या हाती! आम्ही कारखान्यात उमेदवारी करून कारागीर झालेले पाहिले आहेत, आम्हांला यात नवल वाटले नाही.

१९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. उपचारापूर्वी अशा १६३ बाळांपैकी २७ दगावली होती. उपचार सुरू झाल्यावर ७१ पैकी दोन. तिसऱ्या वर्षी या गावांत नवजातांचा मृत्युदर हजारी २५.५ होता, तुलनेच्या गावांत ५९.६.

२०११ साली केंद्र सरकारने घरी जाऊन बाळ पाहण्याचे काम देशभरच्या आशांकडे दिले. सुई मात्र दिली नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या सहा भेटी, आणि त्या सगळ्यांचे मिळून ठरले २५० रुपये. तेही वेतन नव्हे, मोबदला. भेटीमागे बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत.