किल्लारीच्या भिंती

जुनी घरं भक्कम आणि नवी तकलादू, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. त्याची सर्वांत क्रूर परीक्षा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाली. गणपतींचं विसर्जन करून गावं झोपली होती. चार वाजायला काही मिनिटं असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांचे ढिगारे झाले. हजारो माणसं आपल्याच घरांखाली गाडली गेली.

त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड होत्या. पण बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधे दगडगोटे नि चिखल. दोन्ही थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादऱ्याने थर फाकले. वर माळवद होतं: लाकडी तुळया, किलचन आणि त्यावर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हात घर गार ठेवायचं तर ही माती हवीच. मात्र गळती थांबवायला वरचेवर नवी माती पडत गेली आणि झोपणाऱ्यांच्या डोक्यावर टनावारी ओझं साचलं.

तरी त्याच गावांत जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, तिथे भिंती ढासळूनही कित्येक खण उभे राहिले. सुताराचं काम टिकलं.

26 जानेवारी 2001 रोजी नव्या बांधकामाची पाळी आली. भूकंपाचं केंद्र कच्छात, दोनशे किलोमीटरांहून दूर; तरी अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता आणि वरच्या सगळ्या मजल्यांचा भार खाली नुसत्या खांबांवर होता. जुन्या शहरातल्या पोळांमधली लाकूड-विटांची घरं मात्र बहुतांशी तगली. म्हणजे घराचं वय विचारून काहीच कळत नाही. त्याचे भाग एकमेकांना कसे बांधले आहेत, ते पाहावं लागतं.

किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. जिथे जुनी घरं उभी होती, तिथे मजबुतीकरणासाठी मदत मिळाली. आरपार दगड बसवा, माळवदाची माती उतरवा, भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवा, असा तो शहाणा आणि स्वस्त उपाय होता. पण लोकांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली होती. बहुतेकांनी त्या पैशांतून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. जुनं घर होतं तसंच वापरात राहिलं.