जुन्नर-आंबेगावची नावे

जुन्नर म्हटले की आपल्या दृष्टीसमोर प्रथम शिवनेरी उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवछत्रपतींचा जन्म झाला. परंतु त्या तेजाने दिपलेल्या डोळ्यांना भोवतालची साधी माणसे दिसेनाशी होतात. आज आपण त्यांच्याकडे वळू या.

नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांचा त्यात आकड्यांनिशी हिशेब आहे. राणीने लेख कोरवावा यात नवल नाही. नवल आहे ते जुन्नरच्या लेण्यांत. कोकणचा माल घाट चढून याच गावी येई, आणि त्या व्यापारावर जगणाऱ्यांनीही आपली दाने दगडावर नोंदविली. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. इरिल नामक यवनाने दोन टाकी दिली. बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे धर्मादायाच्या ठेवी असत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथल्या बुरुडाची बाजारात पत होती, आणि ती दगडावर लिहिली जात होती.

पुढे काळ पालटला. आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होनाजी केंगळे हा महादेव कोळी. १८७३ पासून त्याने सावकारांना लुटले, त्यांची नाके कापली. १८७६ साली तो पकडला गेला. त्यातले क्रौर्य आम्ही झाकीत नाही. परंतु १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनीही सावकारांवरच हात टाकला, आणि १८७९ साली सरकारलाच शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. दुखणे खरे होते. होनाजीचे नाव मात्र सरकारी दप्तरात उतरले ते दरोडेखोर म्हणून. लेखणी कोणाच्या हाती, यावर माणसाची ओळख ठरते ती अशी.

महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा मुंबईतला गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाची मोटार अडविताना तिच्याखाली त्याने प्राण दिला. डिंभे धरणाच्या जलाशयास आज त्याचे नाव आहे. त्याच पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तेथे कोणाची घरे होती, कोणाचे कोणते शेत होते, हे सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर ती नावे आपणच लिहून घेतली पाहिजेत. बुरुडाची नोंद दोन हजार वर्षे टिकते, मग आपल्या शेजाऱ्याची का टिकू नये?