सिक्रीतील तीन वर्षे

दिल्ली-आग्र्याकडे बदली होऊन आलेल्या मराठी माणसास गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन एकदा तरी फत्तेपूर सिक्रीस जावे लागते. बुलंद दरवाजा व पंचमहाल पाहून आपण परततो. परंतु याच आवारात, आपल्याच किनाऱ्यावरून आलेले तीन पाद्री एके काळी परस्थ म्हणून राहून गेले, याची आठवण तेथे सहसा कोणी काढीत नाही.

अकबराचा वकील १५७९ मध्ये गोव्यास पोचला. धर्मग्रंथांसह दोन विद्वान पाद्री पाठवावेत, अशी बादशहाची मागणी होती. जेझुइट संघाने तिघांना निवडले. इटलीतील सरदार घराण्याचे, अवघ्या २९ वर्षांचे रूडॉल्फ अक्वाविवा हे प्रमुख. कॅटलोनियाचे मोन्सेरात हे वयाने वडील. आणि होर्मुझचे, जन्माने मुसलमान असलेले एन्रिकेस हे दुभाषी. नोव्हेंबरात गोवा सोडून दमण-सुरतेच्या वाटेने ते फेब्रुवारी १५८० अखेर सिक्रीस पोचले. मोन्सेरात वाटेत नरवर येथे आजारी पडल्यामुळे काही दिवस मागे राहिले.

बादशहाने पहिल्याच भेटीत द्रव्याची रास पुढे केली. पाद्र्यांनी निर्वाहापुरते घेऊन बाकीचे परत केले. अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल त्यांनी नजर केले, तेव्हा अकबराने पागोटे उतरवून एकेक खंड मस्तकी लावला. या आदराचा अर्थ पाद्र्यांनी एक लावला, बादशहाच्या मनात दुसराच होता. पुढील सारी कथा या अंतरातच सामावली आहे.

आरंभीची जागा गोंगाटाची होती म्हणून त्यांना राजवाड्याच्या आवारात बिऱ्हाड मिळाले. जेवण शाही मुदपाकखान्यातून येई. त्यांनी लहानसे प्रार्थनामंदिर मांडले. बादशहा तेथेही येऊन गेला. मोन्सेरात हे दहा वर्षांच्या शहाजादा मुरादला पोर्तुगीज शिकवीत. अक्वाविवा उपासतापास करीत आणि वादासाठी दुभाष्यावर विसंबावे लागू नये म्हणून फारसी घोकीत. त्यात अबुल फज्लचे त्यांना साहाय्य होई. इबादतखान्यात वाद रंगे तेव्हा पाद्र्यांची वाणी तिखट असे. एकदा अग्निदिव्याचा प्रश्न निघाला. आव्हान पाद्र्याने दिले, असे 'अकबरनामा' सांगतो. ते मुल्लांच्या बाजूने आले व आपण नाकारले, असे मोन्सेरात सांगतात. हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१५८१ मध्ये काबूलच्या स्वारीत मोन्सेरात बादशहाबरोबर निघाले. त्यांच्यातील मास्तर मागे पडून टिपणकार जागा झाला. बादशहा डेऱ्याबाहेर पडताच दहा फुटी काठीने मजल मोजीत जाणारे मोजणीदार, छावणीतील उंच डोलकाठीवरचा दिवा, एवढ्या सैन्यातही टिकून राहिलेली धान्याची स्वस्ताई, हे सर्व त्यांनी टिपले. त्याआधी सिक्रीत बादशहा स्वतः कामकऱ्यांबरोबर दगड फोडताना दिसला, तेही त्यांनी नमूद करून ठेवले.

ज्या हेतूने ते आले तो मात्र साधला नाही. पाद्र्यांना बादशहाचा बाप्तिस्मा हवा होता, बादशहाला चर्चा हवी होती. एन्रिकेस आधीच परतले, पाठोपाठ मोन्सेरातही गेले, आणि शेवटी १५८३ मध्ये अक्वाविवांनी निरोप घेतला. जाताना त्यांनी द्रव्य मागितले नाही. एका गुलाम कुटुंबाची मुक्तता तेवढी मागून घेतली.

मे महिन्यात ते गोव्यास पोचले. सिक्रीत हौतात्म्याची आस धरून राहिलेल्या या माणसाचा तीन वर्षांत केसही वाकडा झाला नव्हता. जुलैत ते साष्टीतील कुंकळ्ळीस गेले. तेथील देवळे पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती आणि आता नव्या चर्चसाठी जागा पाहणे चालले होते. क्षुब्ध गावकऱ्यांनी अक्वाविवांसह पाच जेझुइटांना ठार केले. मागाहून बोलण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून, चौकशीवाचून मारण्यात आले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा आज फातर्प्यास आहे, ती या काळाची खूण.

परक्या बादशहाच्या दारी हा मनुष्य त्याच्याच धर्मावर टीका करीत सुखरूप राहिला, आणि स्वतःच्या राजाच्या मुलखात दोन-अडीच महिन्यांत प्राणास मुकला. सिक्रीत तो पाहुणा होता. ऐकायचे की नाही, हे यजमानाच्या हाती होते. कुंकळ्ळीस तो सत्तेच्या सावलीत गेला होता, आणि तेथे गावकऱ्यांना कोणी विचारलेच नव्हते. ग्रंथ तोच, माणूसही तोच. परंतु प्रवेश करण्याची रीत निराळी झाली होती.

मोन्सेरातांनी आपला लॅटिन वृत्तांत पुढे अरबस्तानातील कैदेत पूर्ण केला. त्याचे हस्तलिखित १९०६ मध्ये कलकत्त्यात सापडले व १९१४ मध्ये छापले गेले. धर्मप्रसाराची ती स्वारी निष्फळ ठरली. पण पाहुण्याने डोळे उघडे ठेवून केलेली टिपणे अकबरकालाच्या अभ्यासास आजही उपयोगी पडतात. परमुलखात नेमणुकीवर राहणाऱ्या आपणांसारख्यांनी सिक्रीच्या पायऱ्या उतरताना एवढे मनाशी आणावे.