होकाराला जोडलेली अट: स्वीडनच्या चर्चमधला स्त्री-पाळकांचा वाद

इतिहासातले मोठे निर्णय आपण तारखेने लक्षात ठेवतो. अमुक साली कायदा झाला, तमुक साली हक्क मिळाला, विषय संपला. पण संशोधनाच्या निमित्ताने जुनी कागदपत्रं वाचायला लागलं की कळतं, खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या तारखेनंतर सुरू होते. आजच्या पोस्टमध्ये अशाच एका तारखेबद्दल लिहितेय: 1958. त्या वर्षी स्वीडनच्या लुथरन चर्चने ‘स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देता येईल’ असं मतदानाने ठरवलं. निर्णय स्पष्ट होता, मतंही भरपूर पडली होती. तरीही त्यानंतर पस्तीसेक वर्षं हे चर्च याच प्रश्नावर भांडत राहिलं. का? माझं उत्तर थोडक्यात असं: होकाराबरोबर एक अट जोडली गेली होती, आणि पुढची सगळी लढाई त्या अटीवर झाली.

आधी शब्दांबद्दल. आपल्याकडचे मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती ‘पाळक’ म्हणतात, तोच शब्द मी इथे वापरणार आहे. दीक्षा म्हणजे तो विधी, ज्यानंतर त्या व्यक्तीला उपदेश करण्याचा आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे संस्कार देण्याचा अधिकार मिळतो. लुथरन चर्चना पोप नाही. सगळ्यांना बांधील ठरेल असं एक केंद्रही नाही. त्यामुळे प्रत्येक देशातलं चर्च आपापलं ठरवतं.

पाळक म्हणजे सरकारी नोकर

आता तुम्ही विचाराल, चर्चच्या या अंतर्गत भांडणात संसदेचा काय संबंध? तर स्वीडनचं चर्च 2000 सालापर्यंत राज्यसंस्थेला जोडलेलं होतं. पाळक हा सरकारी पदावरचा माणूस होता. इतकंच नाही, गावातल्या जन्म-मृत्यूच्या, स्थलांतराच्या नोंदीसुद्धा चर्चचं कार्यालय ठेवायचं. आपल्याकडे जन्म-मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जातात ना, तसं तिथे पॅरिशमध्ये जायचं. हे काम चर्चकडून करखात्याकडे गेलं ते थेट 1991 मध्ये.

म्हणून हा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला तो नोकरीच्या हक्काचा प्रश्न म्हणून. स्वीडनमध्ये स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केलं 1921 मध्ये. 1923 च्या कायद्याने बहुतेक सरकारी पदं स्त्रियांना खुली केली, पण काही अपवाद ठेवले. पाळकपद त्यातलं एक. विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला स्त्रियांना आडकाठी नव्हती. म्हणजे पदवी घ्या, परीक्षेत पहिल्या या, पण वेदीपाशी उभं राहायचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने 1950 मध्ये अपवाद काढून टाकावा असा अहवाल दिला, आणि मग खरी ठिणगी पडली.

विद्वानांचं पत्रक आणि एका विद्वानाचं उत्तर

1951 मध्ये उप्साला आणि लुंड या दोन विद्यापीठांत नवा करार शिकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या अध्यापकांनी एक निवेदन काढलं. सार असं: स्त्रियांना पाळक करणं हे नव्या कराराच्या विचाराशी जुळत नाही, ते केलं तर बायबलशी असलेली निष्ठा सुटेल.

हे लोक जुनाट विचारांचे धर्ममार्तंड होते असं समजू नका. बायबलचा ऐतिहासिक पद्धतीने, म्हणजे त्या काळाच्या चौकटीत ठेवून, अभ्यास करणारे ते अव्वल दर्जाचे संशोधक होते. त्यांचा मुद्दाही संशोधकाचाच होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं म्हटलंय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये, असं आहे. ही वाक्यं गोडगोड अर्थ लावून पुसता येत नाहीत, असं ते म्हणत होते. आणि त्यात तथ्य होतं.

सगळ्यांत चांगलं उत्तर दिलं त्याच परंपरेत तयार झालेल्या एका तरुण अभ्यासकाने. क्रिस्टर स्टेन्दाल. उप्सालात डॉक्टरेट, मग 1954 पासून अमेरिकेत हार्वर्डला. 1958 मध्ये त्यांनी बायबलकडे बघण्याची दृष्टी आणि स्त्रिया या विषयावर एक लांब निबंध लिहिला. बहुतेक समर्थक काय करत? ‘पौलाला तसं म्हणायचं नव्हतं’ असं सिद्ध करू बघत. स्टेन्दाल यांनी ते केलं नाही. त्यांनी साधारण असं म्हटलं: पहिल्या शतकातला पौल पहिल्या शतकासारखाच बोलत होता, हे मान्य. पण तेव्हाचं वर्णन म्हणजे आजचा हुकूम, ही उडी तुम्ही कुठल्या आधारावर मारता? पहिलं शतक जसंच्या तसं पुन्हा मांडणं म्हणजे निष्ठा नव्हे. त्याच पौलाच्या गलतीकरांस पत्रात ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष भेद उरत नाही असं वाक्य आहे. त्याने जे दार उघडलं, त्यातून पहिली मंडळी पूर्ण आत गेली नव्हती, एवढंच.

त्यांचा दुसरा मुद्दा विरोधकांना जास्त झोंबणारा होता. समाजात स्त्री-पुरुष समान आहेत हे तुम्ही स्वीकारलंय. स्त्री न्यायाधीश चालते, मंत्री चालते, तिच्या अधिकाराखाली पुरुष काम करतात. तिथे तुम्हाला बायबल आठवत नाही. मग फक्त चर्चच्या दारातच का आठवतं? बायबलचा आधार घ्यायचा तर दोन्हीकडे घ्या, नाहीतर दोन्हीकडे सोडा.

माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा वाद महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की दोन्ही बाजूंची पद्धत एकच होती. मजकूर काय म्हणतो यावर त्यांचं फारसं दुमत नव्हतं. दुमत होतं ते जुन्या मजकुराने आज आपल्याला कितपत बांधायचं यावर. मूळ ग्रीक कितीही वाचलं तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण तो ग्रीकचा प्रश्न नाहीच.

एका वर्षात उलटलेलं मतदान

कायदा बदलायला तिघांची संमती लागायची: सरकार, संसद आणि चर्चची राष्ट्रीय सभा. या सभेत बिशप, पाळक आणि चर्चचे सामान्य सभासद यांचे प्रतिनिधी बसत. म्हणजे चर्चकडे नकाराधिकार होता, आणि 1957 मध्ये सभेने तो वापरला. 62 विरुद्ध 36 मतांनी प्रस्ताव पडला. वर्तमानपत्रांत, राजकीय पक्षांत गदारोळ झाला. सरकारने वर्षभरात प्रस्ताव पुन्हा आणला आणि 1958 च्या सभेत तो 69 विरुद्ध 29 मतांनी मंजूर झाला.

‘सरकारने चर्चच्या गळ्यात मारलं’ असं विरोधक आजही म्हणतात. सरकारी दडपण होतं, यात शंका नाही. पण ज्या सभेला ‘नाही’ म्हणता येत होतं आणि जिने एकदा ते म्हटलंही होतं, तिचा होकार नुसता हुकूम मानता येत नाही. चर्चमधली सामान्य माणसं तोवर स्त्री डॉक्टर, स्त्री शिक्षिका, स्त्री वकील रोज बघत होती, हेही विसरता येत नाही.

शेजारी बघितलं की फरक जास्त नीट कळतो. डेन्मार्कच्या चर्चला अशी राष्ट्रीय सभाच नाही. तिथे फाल्स्टर बेटावरच्या नोरे अर्स्लेव या छोट्या पॅरिशला योहाने आंद्रसन या बाईच पाळक म्हणून हव्या होत्या. त्यातून संसदेने 1947 मध्ये कायदा केला. 28 एप्रिल 1948 ला ओडेन्सचे बिशप हान्स ओल्गोर यांनी तीन स्त्रियांना दीक्षा दिली. नॉर्वेत 1961 मध्ये इंग्रिड बियेर्कोस यांना दीक्षा मिळाली तेव्हा त्यांची साठी आली होती, आणि देशाच्या नऊपैकी सहा बिशपांनी जाहीर विरोध नोंदवला. तिन्ही देश लुथरन, शेजारी, एकमेकांची भाषा बरीचशी समजणारे. तरी वाट तिघांची वेगळी.

आता ती अट

1958 च्या सभेत होकार मिळावा, चर्च फुटू नये, म्हणून सभेच्या समितीने एक आश्वासन दिलं. कुठल्याही बिशपला स्त्रीला दीक्षा देण्याची सक्ती होणार नाही, आणि कुठल्याही पाळकाला सदसद्विवेकाविरुद्ध काही करावं लागणार नाही. स्वीडिशमध्ये याला ‘साम्वेत्सक्लाउसूल’ म्हणतात. आपण ‘विवेकाची सवलत’ म्हणू. हे कायद्याचं कलम नव्हतं, कायद्यासोबत दिलेला शब्द होता.

त्या क्षणी ते शहाणपणाचंच वाटलं असणार. विरोधकांत साधीसुधी माणसं नव्हती. गोथेनबर्गचे बिशप बू येर्ट्स हे देशभर वाचले जाणारे कादंबरीकार होते, गावोगावच्या भाविकांत त्यांना मान होता. त्यांच्या पुढाकाराने 1958 मध्येच विरोधकांची संघटना उभी राहिली.

10 एप्रिल 1960. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. त्या दिवशी पहिल्या तीन स्त्रियांना दीक्षा मिळाली: मार्गित सालीन, एलिसाबेत यूर्ले आणि इंग्रिड पेर्शॉन. सालीन यांची डॉक्टरेट मध्ययुगीन फ्रेंच नृत्यगीतांवर होती, आणि सुरुवातीला त्या ‘पुरुषांचंच पद आम्हालाही द्या’ असं म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. चर्चमध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या प्रकारचं पद असावं, असं त्यांना वाटायचं.

त्याच वर्षी विरोधकांच्या संघटनेने सतरा मुद्द्यांचं एक पत्रक काढलं. स्त्री-पाळक समोर आली तर कसं वागायचं याचं ते मार्गदर्शन होतं. तिच्यासोबत उपासना चालवायची नाही, तिने चालवलेल्या उपासनेत जायचं नाही, वगैरे. विवेकाची सवलत वैयक्तिक होती. या पत्रकाने तिला सामूहिक शिस्तीचं रूप दिलं.

याचा रोजच्या कामात अर्थ काय, ते बघा. तुमची दीक्षा कायदेशीर आहे. नेमणूक पक्की आहे. पण शेजारच्या पॅरिशचा पाळक तुमच्यासोबत वेदीपाशी उभा राहणार नाही. तुमच्या हातचं प्रभुभोजन घेणार नाही. कामाच्या पाळ्या तुम्ही दोघं कधी समोरासमोर येणार नाही अशा लावाव्या लागतील. आणि हे सगळं नियमाला धरून, कारण त्याला तसा शब्द दिलेला आहे. तुम्हाला कुणी कसला शब्द दिला होता? काही नाही. सभेने ज्या विवेकाची काळजी घेतली, तो एकाच बाजूचा होता. ज्या बाईला देवाने बोलावलंय असं मनापासून वाटत होतं, तिच्याही सदसद्विवेकाचा हा प्रश्न आहे, हे त्या आश्वासनाच्या भाषेत कुठेच बसत नव्हतं.

सालीन 1970 मध्ये स्टॉकहोमच्या एंगेलब्रेक्त पॅरिशच्या मुख्य पाळक झाल्या. त्याच वर्षी गोथेनबर्गमध्ये येर्ट्स यांच्या जागी बर्टिल गेर्टनर बिशप झाले. त्यांनीही 1991 पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत एकाही स्त्रीला दीक्षा दिली नाही. एकाच चर्चमध्ये, एकाच कायद्याखाली.

सवलत गेली, मग काय झालं?

1980 मध्ये स्वीडनमध्ये नोकरीतल्या स्त्री-पुरुष समानतेचा कायदा लागू झाला. त्याच्या शेजारी ही सवलत ठेवणं अवघड होत गेलं आणि 1982 मध्ये ती रद्द झाली. पुढे 1990 च्या दशकात चर्चने ठरवलं की स्त्री-पाळकांसोबत काम करायला तयार नसलेल्या उमेदवाराला दीक्षाच मिळणार नाही. 1958 चा होकार पूर्ण झाला तो माझ्या मते इथे. 1997 मध्ये क्रिस्टिना ओडेनबर्ग लुंडच्या बिशप झाल्या, स्वीडनमधल्या पहिल्या. 2014 मध्ये आन्टये याकेलेन आर्चबिशप झाल्या. 2020 मध्ये चर्चच्या पाळकांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा किंचित जास्त भरली.

मात्र ज्या फुटीला घाबरून सवलत दिली होती, ती टळली नाही, नुसती लांबली. 2003 मध्ये विरोधकांनी ‘मिशन प्रांत’ नावाची वेगळी रचना उभी केली. 2005 मध्ये त्यांच्या पहिल्या बिशपला दीक्षा द्यायला केनियाच्या लुथरन चर्चचे बिशप आले.

आणि काळ पुढे गेला की हक्क आपोआप वाढतात, असं वाटत असेल तर लॅटव्हिया बघा. तिथल्या लुथरन चर्चने 1975 मध्ये, सोव्हिएत राजवटीत, स्त्रियांना दीक्षा दिली. 1993 मध्ये नव्या आर्चबिशपने ती थांबवली आणि 2016 मध्ये चर्चच्या सभेने तीन-चतुर्थांशाहून जास्त मतांनी ‘दीक्षा फक्त पुरुषांना’ असं घटनेतच लिहून टाकलं.

विवेकाची सवलत चूकच होती का, हे इतक्या सहज सांगता येत नाही. तिच्याविना 1958 मध्ये 69 मतं पडली असती का, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्याच्या श्रद्धेला जागा ठेवणं ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण त्या जागेचं भाडं कोण भरणार, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. ते बावीस वर्षं त्या बायकांनी भरलं, आपापल्या पॅरिशमध्ये, एकेका रविवारी. म्हणून कुठलाही ऐतिहासिक ठराव वाचताना मी आता मतांच्या आकड्यावर थांबत नाही. पुढचा परिच्छेद वाचते. कुणाला सूट दिलीय आणि ती कुणाच्या जिवावर, ते बहुतेक वेळा तिथे सापडतं.