अक्षर बारीक झाले की नजर?

पावसाळ्यात आपल्या बीड जिल्ह्यातल्या सौताड्याला गेलात, तर एक गंमत करून पाहा. धबधब्याच्या पडत्या धारेकडे मिनिटभर टक लावून बघा आणि मग नजर बाजूच्या खडकावर न्या. खडक वर सरकताना दिसेल. खडक तर जागचा हललेला नसतो!

स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स यांना हाच अनुभव आला. १८३४ मध्ये त्यांनी तो लिहून ठेवला. पुढे १८५० च्या सुमारास बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी तबकडीवर चकलीसारखी रेघ काढून ती फिरवली. तिच्याकडे काही वेळ पाहून नजर हलवली, की समोरची वस्तू फुगताना किंवा आकसताना दिसे. तोवर प्लाटो स्वतः आंधळे झाले होते. पाहण्याचे काम त्यांच्यासाठी इतर जण करीत.

१८६२ मध्ये हॉलंडच्या हर्मन स्नेलन यांनी डोळे तपासण्याचा तक्ता केला. वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तो तक्ता आपण सर्वांनीच दवाखान्यात पाहिला आहे.

चकली आणि अक्षरे एकत्र आली २०१७ साली. ग्लासगो विद्यापीठाचे मार्टिन लागेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आधी फिरती चकली दाखवली, मग बारीक अक्षरे. अक्षर मोठे होत असल्याचा भास झाला, तेव्हा लोकांना ते अधिक चांगले ओळखता आले. आकसल्याचा भास झाला, तेव्हा ओळखणे अवघड गेले. अक्षर मात्र तेवढेच होते. म्हणजे वाचतो तो एकटा डोळा नव्हे, त्यामागचा मेंदूही.

हे समजले आणि मला अब्बा आठवले. सिरसाळ्यात घराच्या ओट्यावर ते वर्तमानपत्र हातभर लांब धरत आणि म्हणत, ‘छापखानेवाले हल्ली अक्षर बारीक करायला लागलेत.’ चाळिशी लागल्याचे त्यांना कबूल नव्हते. एकदा एका कागदावर त्यांनी निम्मे वाचून, निम्मे अंदाजाने जुळवून सही केली. तो कागद जामीनकीचा निघाला. दोन वर्षे दुसऱ्याचे हप्ते त्यांनी फेडले. वाचता येणाऱ्या माणसाची ती सही अंगठ्याहून वेगळी नव्हती.

भासाने अक्षर घटकाभर मोठे होईल. पण चाळिशीनंतर ताठर झालेले डोळ्यातले भिंग त्याने मऊ होत नाही. त्याला चष्माच लागतो. तेव्हा मंडळी, सहीसाठी पेन काढण्याआधी चष्मा काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)