निजामाचे दफ्तर आणि आजचा दाखला

2 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन मराठवाड्यातील पात्र मराठा व्यक्तींना कुणबी दाखले देण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. त्या दिवशी मुंबईच्या आझाद मैदानावर मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण चालू होते. ज्या संस्थानाचे 1948 मध्येच विलीनीकरण झाले, त्याच्या कारभाराचे कागद असे पुन्हा गावच्या चावडीवर आले. ते कोणी आणि कशासाठी तयार केले, आणि आज आपण त्यांना काय विचारतो आहोत, हे पाहिल्याशिवाय या वादाचा गुंता सुटत नाही.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. गॅझेट म्हणजे राजपत्र. निजामाच्या राज्यात त्याला ‘जरीदा’ म्हणत. त्यात हुकूम छापले जात. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाचे भूगोल, इतिहास, शेती, जाती, व्यापार यांचे वर्णन. औरंगाबाद जिल्ह्याचे असे गॅझेटियर निजाम सरकारने 1884 मध्ये काढले, तर ‘इंपीरियल गॅझेटियर’च्या प्रांतवार मालिकेतला हैदराबाद राज्याचा खंड 1909 मध्ये आला. सभांमधून हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण हुकूम हक्क देतो, वर्णन फक्त माहिती देते, आणि आजच्या वादाची निम्मी धग या फरकात आहे.

वर्णनाची ही पद्धत मुळात इंग्रजांची. निजाम नावाला स्वतंत्र असला, तरी हैदराबादेत ब्रिटिश रेसिडेंट बसलेला होता आणि ‘हैदराबाद कंटिंजंट’ या इंग्रज अंमलाखालच्या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता. या फौजेच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथे होत्या. खर्चाची बाकी थकली आणि 1853 च्या तहाने निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआबही तेव्हा गेले होते. ते 1860 मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र परतले नाही. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले.

या कर्जवसुलीने जालना आणि बुलढाणा यांच्यामध्ये एक रेघ ओढली. सिंदखेडराजा, देऊळगावराजा वऱ्हाडात गेले. जाफराबाद, भोकरदन निजामाकडे राहिले. बोली तीच, पिके तीच, सोयरिकीही रेघ ओलांडून होत राहिल्या. बदलले ते दफ्तर. वऱ्हाडात इंग्रजी अमलाखाली महसुली नोंदी झाल्या आणि तिथे ‘कुणबी’ हा शब्द कागदावर मुबलक सापडतो. मराठवाड्यात कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू, गावपातळीवर मोडी. म्हणूनच 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तिला उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले आणि कागदांसाठी थेट हैदराबाद गाठावे लागले. आजोबांची जात बदललेली नव्हती. त्यांचा पुरावा परमुलखात आणि परलिपीत अडकला होता.

दुसरा पेच जनगणनेचा. 1881 पासून हैदराबाद राज्यातही ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबर शिरगणती होऊ लागली. गणना करणाऱ्याला प्रत्येक माणूस एकाच रकान्यात हवा होता. ‘मराठा’ आणि ‘कुणबी’ या शब्दांचा वापर मात्र प्रदेशागणिक, घरागणिक आणि प्रसंगागणिक बदलत असे: कुठे तो धंदा सांगे, कुठे कुळी, कुठे मान. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अनेक कुणबी कुटुंबे शिरगणतीत स्वतःला मराठा लिहवू लागली, कारण त्या काळी प्रतिष्ठा त्या शब्दात होती. आज त्यांचेच पणतू नेमका उलटा प्रवास करत आहेत. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. शेतीवर घर चालत होते तेव्हा मान पुरत असे. दुष्काळ आणि वाटण्यांनी जमिनीचे तुकडे झाल्यावर दाखला लागतो.

म्हणून एकाच पुस्तकाची वाचने वेगळी होतात. मराठा आंदोलकाला त्यात हिरावलेली नोंद दिसते. छगन भुजबळ यांच्यासारखे ओबीसी नेते विचारतात की, जिल्ह्यात अमुक इतके कुणबी, या आकड्यावरून आज कोण कुणाचा वंशज, हे कसे ठरवणार? प्रश्न रास्त आहे. गॅझेटियरमध्ये संख्या असते, नावे नसतात. म्हणूनच शासनाने ग्राममहसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरील समितीकडे चौकशी सोपवली. निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले.

लगेच बंजारा समाजानेही हैदराबाद गॅझेटियरकडे बोट दाखवून अनुसूचित जमातीत समावेश मागितला आणि आदिवासी संघटना विरोधात उतरल्या. बंजाऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. 1956 मध्ये निजामाच्या जुन्या राज्याचे तीन भाषिक तुकडे झाले. आज तोच समाज तेलंगणात अनुसूचित जमात आहे, कर्नाटकात अनुसूचित जात, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. तांडे हलले नाहीत, सीमा हलल्या. नांदेडच्या तांड्यावरच्या मुलाला पलीकडच्या निजामाबादेतल्या मामेभावाचा दाखला दिसतो, तेव्हा त्याला राज्यघटना नव्हे, सीमारेषा अन्याय्य वाटते.

तरीही गॅझेटियर कोणाचे मागासलेपण सिद्ध करत नाही. 1909 चा अधिकारी कर आणि कारभारासाठी लोक मोजत होता. 2025 मध्ये कोणाच्या मुलाला वसतिगृह हवे, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. मंडल आयोगालाही जातींच्या संख्येसाठी 1931 च्या शिरगणतीकडेच जावे लागले, कारण त्यानंतर देशाने सगळ्या जाती मोजून आकडे प्रसिद्ध केलेच नाहीत. आपण मोजले नाही, म्हणून परक्यांचे मोजमाप प्रमाण झाले. त्याची किंमत मराठवाड्यात शेजारी शेजारी राहणारे मराठा आणि ओबीसी एकमेकांकडे संशयाने पाहून मोजत आहेत.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे जाहीर केले. या वेळी प्रश्न विचारणारे सरकार आपण निवडलेले आहे. नुसती जात विचारून ते थांबले, तर पुन्हा 1931 चाच रकाना भरला जाईल. जमीन किती उरली, शाळा कितवीला सुटली, कर्ज कोणाचे आहे, हेही त्याच घराच्या ओळीत लिहिले गेले, तर जालन्याच्या तरुणाला आपली आजची गरज पटवायला निजामाचे दफ्तर उघडावे लागणार नाही.